चार बोटं

रात्री उभी केली की चार बोटं.
चाक आणि मडगार्डच्या मधे
माझी चार बोटं आडवी मावतात.
पहाटे मोजावं तर एक, तीही करंगळी.
डाव्या अंगाने टेकलेली असते पोर्चमध्ये,
लग्नातलं जेवण उरकून
भिंतीला कलंडलेल्या पाहुण्यासारखी.

कायतान म्हणतो, चार बोटं हे उर्राकाचं माप,
गाडीचं नव्हे.

शोरूममधल्या पोराने कागद उलटा करून
माझ्यापुढे सरकवला. दोन्ही स्ट्रट, मजुरी वेगळी.
तेवढ्यात मी माझा शेवटचा टिपर
भंगारात दिला होता, वर दोन टायर.

टिपर पाट्यांवर उभे असायचे.
नऊ पाटे एकावर एक, मधे ग्रीस, वर दहा टन माल.
पाटा तुटला तर आवाज व्हायचा,
अर्ध्या बाजाराला कळायचं कोणाचा तुटला.
ही हवेवर उभी राहते,
आणि हवा जाते तेव्हा कोणाला सांगत नाही.

घेतली त्या वर्षी कुडचड्याचा रस्ता
रात्रीही झोपत नसे.
ट्रकच्या शेपटाला ट्रक, पार जेटीपर्यंत.
सुलक्षा कपडे आतल्या खोलीत वाळवायची,
तरी पांढरं म्हणून काही उरलं नाही घरात.
मग एका सकाळी रस्ता गप्प झाला.
मी गाडीवर कापड घातलं.
तिने अंगणात दोरी बांधली.

रविवारी भांड्यांचा साबण कालवला,
ब्रशने रबराच्या घडीवर फासला.
एक बुडबुडा आला. फुटेना. वाढतच राहिला.
बत्तीस वर्षं आगबोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला कायतान,
वाफेची गळती कानाने ओळखणारा,
गुडघ्यांवर बसून त्या बुडबुड्याकडे बघत
पोरासारखा हसला.

जॅकखाली मी चिरा सरकवत होतो.
चिरा नको, फुटतो, तो म्हणाला,
आणि घरून फणसाचा ओंडका घेऊन आला.

पितळेचा नट, बारा नंबरचा पाना, अर्धा फेरा.
उरलीसुरली हवा माझ्या मनगटावरून
सुस्स करून गेली, जुन्या रबराचा वास सोडून.
वरचे तीन नट मुकाट आले.
खालचा बोल्ट हलेना.
रॉकेल, हातोडा, पुन्हा रॉकेल,
कायतानची एक पोर्तुगीज शिवी.
जेवणवेळेला सुटला.
शिवीमुळे, असं त्याचं म्हणणं.

काढलेला स्ट्रट मांडीवर घेतला,
अंगठ्यांनी घडी फाकवली.
केसाएवढ्या भेगा, गोल गोल,
आणि प्रत्येक भेगेत लाल पूड.
ओळखीची. नखात गेली की चमकणारी.
एवढे पावसाळे धुऊन गेले गावाला,
ही इथे बसून राहिली होती,
थोडं थोडं खात.
कायतान बघत होता, पाना पुसत राहिला.
सुलक्षा ताक घेऊन आली.
तिने माझा अंगठा पाहिला.
माझ्या दोरीजवळ झटकू नका ते, म्हणाली,
आणि तांब्या पायरीवर ठेवून आत गेली.

नवीन बसवताना घाई केली नाही.
हवा भरेपर्यंत वजन टाकू नये,
कागदावरचं एवढं एकच वाक्य
मी दोनदा वाचलं होतं.
किल्ली फिरवली. कुठेतरी पोटात कंप्रेसर घुमला.
आणि ती उठली,
आधी मागून, मग नाकाने,
म्हैस उठते तशी, आमच्याकडे न बघता.

रात्री तीनला जाग आली.
टॉर्च घेऊन पोर्चमध्ये बसलो, हात घातला.
कुंपणापलीकडून अंधारातून आवाज आला:
किती?
चार, मी म्हटलं.
माझी दोनच झालीत, कायतान म्हणाला,
आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

उजवीकडे तीन होती.
दुसरं खोकं तसंच होतं भिंतीशी, टेप न काढलेलं.
उजवीकडचं मी त्याला सांगितलं नाही.